जुन्या पल्सरला डिस्कपॅड कुठले? तीन पाकिटं आणि एक ‘टक’

नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात ‘जुन्या वन-एटीचे पुढचे डिस्कपॅड द्या’ म्हटलं की काउंटरवरचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता विचारतो, ‘कंपनीचे, लोकल, का इम्पोर्टेड?’ मागे चार मेकॅनिक घाईत उभे असतात. आपण ‘कंपनीचे दे’ म्हणतो आणि बाजूला होतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. गेल्या सहा-सात वर्षांत मात्र तिन्ही पाकिटं एकाच गाडीवर वापरून झाली, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

गाडी २००५ ची पल्सर १८०. २०२० ला री-पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, आणि घरच्यांनी ‘आता तरी विका’ म्हणायचं सोडून दिलं. रोजचा रस्ता सिंहगड रोड ते भोसरी एमआयडीसी, आणि महिन्या-दीड महिन्यातून ताम्हिणी उतरून माणगावजवळ गावी. म्हणजे सिग्नल, स्पीडब्रेकर आणि घाट. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना किंवा लडाखची तयारी करणाऱ्यांना माझा अनुभव फारसा कामाचा नाही. सीबीझेड १९९९ ला आली आणि पल्सर २००१ ला, तेव्हा पुढची डिस्क ही मिरवायची गोष्ट होती. त्या पिढीतल्या ज्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत त्यांच्या मालकांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ब्रेक किती धरतो ते मोजायला माझ्याकडे कुठलंही यंत्र नाही. सोसायटीच्या गेटचा उतार, वडगावच्या पुलाखाली साचणारं पाणी आणि माझी उजव्या हाताची दोन बोटं, एवढीच माझी प्रयोगशाळा.

‘लोकल’ या शब्दाचा घोळ मिटवून घेऊ. काउंटरवर लोकल म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी निघतात. एक, प्लास्टिकच्या पिशवीत स्टेपल मारलेले, नाव-गाव नसलेले पॅड. ते या तुलनेत नाहीत आणि तुमच्या गाडीतही नसावेत. एकदा घाईत कोणीतरी माझ्या गाडीला ते बसवले होते. काढले तेव्हा एका पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, लोखंडी पट्टीपासून कोपऱ्यात सुटायला लागला होता, नख आत जात होतं. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याच देशातल्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल. एएसके, अलाईड निप्पॉन, राणे ही मंडळी ब्रेकचा मसाला बनवण्याच्याच धंद्यात आहेत. यातल्या काहींचा माल गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडेही जातो आणि स्वतःच्या नावाच्या पाकिटातही मिळतो. पुढे मी ‘देशी’ म्हणेन ते यांना. माझ्याकडे यांपैकी कुठले आहेत आणि इम्पोर्टेड कुठले होते ते मुद्दाम सांगत नाही. एका गाडीवरच्या एका जोडीवरून कुणाच्या नावाचा डंका पिटणं बरं नाही, आणि बदनामी करणं तर त्याहून नाही.

कंपनीच्या पॅडबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. ते बसतात. पाकीट फोडायचं, पिस्टन मागे ढकलायचा, पॅड सरकवायचे, पिन लावायची, संपलं. घासायला नको, ठोकायला नको. आवाज नाही. डिस्कवर माया आहे. गाडी थंड असताना पहिल्या सिग्नललाच नीट धरतात. माझ्या हाताखाली एक जोडी साधारण १४ हजार किलोमीटर गेली, आणि मी घेतले तेव्हा किंमत ३५० रुपयांच्या आसपास होती. यापुढे माणसाला काय हवं?

पाऊस आला की काय हवं ते कळतं. जुलैत वडगावच्या पुलाखालून चाकाच्या आरीपर्यंत पाण्यातून गाडी काढली आणि पुढे लगेच रिक्षा आडवी आली की लिव्हर दाबल्यावर एक क्षण काहीच होत नाही. हाताला लिव्हर घट्ट लागते, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये हवा वगैरे नाही, पण गाडी आपली चाललेली. मग पॅड डिस्कवरचं पाणी पुसून काढतात आणि एकदम पकडतात. हा क्षण माझ्या अंदाजानं अर्ध्या सेकंदाचा असेल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ६० च्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे आठ मीटरपेक्षा जास्त रस्ता. रिक्षाची लांबी तीन मीटरही नसते.

सवय झाली की माणूस यावर उपाय काढतो. पाण्यातून बाहेर आलं की गाडी चालती ठेवूनच पुढचा ब्रेक हलका धरायचा, डिस्क कोरडी करायची, मग पुढे जायचं. मी कित्येक पावसाळे असेच काढले. बायको मागे बसली की विचारायची, ‘अहो, ब्रेक लावून का चालवताय?’

मग एका मे महिन्यात, ताम्हिणीच्या उतारावर एका म्हशीनं निर्णय घ्यायला लावला. पाऊसही नव्हता. मागे सामान, उतार लांब, मी इंजिन ब्रेकच्या भरवशावर कमी आणि डिस्कच्या भरवशावर जास्त, हा माझाच आळस. खाली वळणावर म्हैस उभी. दाबला तर लिव्हर जाते नेहमीएवढीच, पण गाडी थांबायला तयार नाही, आणि नाकाला जळका वास. म्हशीनं शेपटी हलवली आणि मी तिच्या बाजूनं गेलो. थांबलो मात्र नाही, नुसता बाजूनं गेलो. त्या साध्या मसाल्यात तंतू राळेनं बांधलेले असतात. फार तापलं की राळ जळून वायू सुटतो आणि पॅड डिस्कवर तरंगल्यासारखा होतो. वाचून हे माहीत होतं, पण म्हैस समोर आल्यावरच ते डोक्यात शिरलं.

घरी येऊन इम्पोर्टेड मागवले. सिंटर्ड. यात राळ नसते. तांब्याची आणि बाकी धातूंची पूड दाबून, तापवून एकजीव केलेली असते. पॅड हातात घेतला की वजन वेगळं लागतं, रंग तांबूस. किंमत मी घेतले तेव्हा कंपनीच्या पाचपट पडली, आणि कुरिअरवाल्यानं पाकीट दिलं तेव्हा बायकोनं ‘यात काय आहे एवढं?’ विचारलं त्याला मी ‘स्पेअर’ एवढंच उत्तर दिलं.

पॅडच्या कडेला ‘एचएच’ छापलेलं होतं. या अक्षरांवर लोक फार जीव टाकतात म्हणून थोडं सांगतो. दोन अक्षरांपैकी पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे त्याच्याही वर. यात उपयोगाचं आहे ते दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली घसरलंय का हे बघणं. ‘जीएफ’ दिसलं तर पॅड तापल्यावर ढिला पडतो असं समजायचं, घाटवाल्यांनी विशेष. बाकी ही चाचणी एक इंचाच्या चौकोनी तुकड्यावर घेतात. पावसात कसं धरेल, आवाज करेल का, डिस्क खाईल का, यातलं एकही त्या अक्षरांत नाही. आणि मी ज्यावर पुढे अडकलो ते तर नाहीच नाही.

तो पावसाळा मात्र सुंदर गेला. खोटं कशाला बोलू? वडगावच्या पुलाखालून बाहेर आल्यावर लिव्हरला बोट लावलं की गाडी थांबते, तो अर्धा सेकंद गायब. घाटात वास नाही, लिव्हर तशीच्या तशी. दोन बोटांचं काम एका बोटावर आलं. उलट सुरुवातीला जरा जास्तच वाटलं. आपल्या या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक गच्च बसू न देणारी यंत्रणा, नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं १ एप्रिल २०१९ पासून. त्यामुळे जुन्या, टणक झालेल्या टायरवर आणि वाळू पसरलेल्या वळणावर एचएच पॅड जोरात दाबला तर पुढचं चाक गच्च बसायला वेळ लागत नाही. मी टायरही त्याच महिन्यात बदलला. तुम्हीही पॅडवर खर्च करणार असाल तर आधी टायरला नख लावून बघा.

पाऊस संपला. रेनकोटची टोपी गेली, टायरखालच्या पाण्याचा आवाज गेला, आणि दसऱ्याच्या सुमारास मला ऐकू यायला लागलं. पुढचा ब्रेक दाबला की ‘टक’. एकदाच. सोडला की काही नाही. परत दाबला तरी काही नाही. गाडी थोडी मागे घेऊन पुन्हा पुढे आणली आणि दाबला की परत ‘टक’. स्पीडब्रेकरवर वेगळाच प्रकार, पुढच्या चाकापाशी खुळखुळ, डब्यात दोन नाणी टाकल्यासारखी. सिंहगड रोडवर स्पीडब्रेकर किती आहेत ते तिथं राहणाऱ्यालाच माहीत.

मेकॅनिककडे गेलो. त्यानं सगळे करतात तेच केलं. गाडी उभी, पुढचा ब्रेक गच्च, हँडल धरून गाडी मागे-पुढे झुलवली. टक, टक. ‘कोनसेट गेला, साहेब.’ कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. बरोबरच बोलला, कोनसेट ढिला असला की याच पद्धतीनं याच आवाजाचा कळतो. वीस वर्षांच्या गाडीचा कोनसेट गेला म्हटल्यावर मी तरी काय वाद घालणार? हँडल उतरलं, कोनसेट नवीन पडला, दुपार गेली. संध्याकाळी गाडी झुलवली. टक, टक. आता त्याचाही चेहरा पडला. ‘मग शॉकअपचे बुश असणार. खोलायला लागेल.’

शॉकअप खोलू दिला नाही, एवढं शहाणपण सुचलं. रविवारी पार्किंगमध्ये पोराला हँडलपाशी उभं केलं, ब्रेक धरायला सांगितलं आणि मी चाकापाशी मांडी घालून बसलो. कोनसेटच्या जागी एक हात, गाडी झुलवली, हाताला काही लागलं नाही. मग कॅलिपरच्या (पिस्टन आणि पॅड धरून डिस्कवर बसणारा ब्रेकचा भाग) मागच्या फटीत बोटाचं टोक असं टेकवलं की अर्धं पॅडच्या पट्टीवर आणि अर्धं ब्रॅकेटवर. पोरानं गाडी ढकलली आणि बोटाखाली पॅड सरकून ब्रॅकेटवर आपटला. टक. बोटालाच लागलं ते.

कारण साधं आहे. पॅड ब्रॅकेटच्या खाचेत बसतो. ब्रेक दाबला की चाक पॅडला ओढून घेऊन जातं, पॅड खाचेच्या पुढच्या भिंतीवर जाऊन टेकतो. खाच आणि पॅड यांच्यात फट असेल तेवढा तो आधी पळतो आणि मग आपटतो. व्हर्नियर (लांबी-जाडी बारीक मोजायची पट्टी) लावून पाहिलं तर इम्पोर्टेड पॅडची पट्टी कंपनीच्या जुन्या पॅडपेक्षा पाव मिलिमीटर आखूड भरली. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, नव्या गाडीत कळणारही नाही. पण माझ्या ब्रॅकेटच्या भिंतीवर वीस वर्षांत पॅडनी आपटून आपटून खळगा पाडला होता. दोन्ही मिळून फट झाली चांगली एक मिलिमीटर. म्हणजे पॅडचा दोष थोडा, माझ्या म्हाताऱ्या कॅलिपरचा जास्त.

उपाय सगळे केले. वरची स्प्रिंग पट्टी नवी टाकली. ती स्वस्त असते, पॅड बदलताना दरवेळी बदलावी, मी आधी कधीच बदलली नव्हती. खुळखुळ निम्मी झाली, टक राहिली. मागच्या बाजूला तांब्याचं ग्रीस लावलं, चार दिवस आवाज बसका झाला, पाचव्या दिवशी परत खणखणीत. सगळा कॅलिपर नवा घ्यायचा विचार केला, पण पॅडच्या आवाजासाठी कॅलिपर बदलणं म्हणजे बटण तुटलं म्हणून शर्ट घेणं.

नुसता आवाजच असता तर मी कान बंद केले असते. ब्रेक लागतोय ना, मग वाजेना का! डिसेंबरपर्यंत तसंच धरलं. मग एका शुक्रवारी भाजी घेऊन येताना मागून बायको म्हणाली, ‘अहो, आज तुमचं ते टक जरा जाड वाजतंय.’ मी म्हणालो, ‘पॅडच आहे ते, फट वाढली असेल.’ सोमवारी पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो, सहज खाली नजर गेली. कॅलिपर धरणाऱ्या दोन बोल्टपैकी एक दोन आटे बाहेर आलेला. स्प्रिंग पट्टी बदलताना मीच तो लावला होता आणि शेवटचा पाना मारायचा राहिला होता. म्हणजे तीन-चार दिवस माझा कॅलिपर एका बोल्टवर, आणि तो मला ओरडून सांगत होता, आणि मी त्याला पॅड समजत होतो.

तिथं सिंटर्डचा निकाल लागला. जुन्या गाडीत आपण निम्मं काम कानानं करतो. चेन ढिली झाली, टॅपेट वाढले, बेअरिंग गेलं, सगळं आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. ज्या जागी कायमचा एक आवाज बसवून ठेवला त्या जागी आपण बहिरे झालो. आणि ती जागा पुढचा ब्रेक असेल तर मला नको. सहा हजार किलोमीटरवर, मसाला भरपूर शिल्लक असताना, काढून ठेवले.

दोन तक्रारी अजून होत्या, पण त्यांच्यासाठी मी पॅड काढले नसते. एक, डिस्क. सिंटर्डनं डिस्कवर बारीक रेघा उमटवल्या. या जुन्या डिस्क सिंटर्डसाठी बनवलेल्या नाहीत आणि डिस्क पॅडपेक्षा कितीतरी महाग पडते. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर लावताना मात्र पॅड फिरतो त्या पट्ट्यावर लावायचा. बाहेरच्या काठावर न झिजलेली कड उभी राहते, व्हर्नियरचा जबडा तिथं टेकला की आकडा गोड येतो. दुसरी, उष्णता. धातूचा पॅड उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे लवकर पोचवतो. डॉट ४ चं नवं ऑइल २३० अंशांच्या आत उकळायला नको, पण ओलावा शोषून बसलं की तीच मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडे कोकणात ये-जा असेल तर ओलावा शोषायला वेगळं निमंत्रण लागत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. पॅड कुठलेही असोत.

ऑइलवरून आठवलं. बऱ्याच जणांना वाटतं जुन्या गाडीचा ब्रेक मऊ लागतो म्हणून भारी पॅड टाकावे. मऊपणा बहुतेक वेळा काळ्या पडलेल्या ऑइलमध्ये, फुगणाऱ्या जुन्या रबरी नळीत किंवा अडकलेल्या स्लाइडिंग पिनमध्ये असतो. दोन पॅडपैकी एक पातळ आणि एक जाड निघाला तर पिन अडकली आहे, मसाल्याच्या चर्चेत पडूच नका. पिन साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबरी टोप्या फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. माझ्या गाडीत नुसत्या पिन साफ करून जो फरक पडला तो पाचपट किमतीच्या पॅडच्या निम्मा तरी असेल.

आता देशी. हे घेतले ते खरं तर कंटाळून. कंपनीचे घ्यायला गेलो तर त्या दिवशी नव्हते. जुन्या मॉडेलचं हे आता वाढणारच, शिवाय ‘येतील आठ दिवसांत’ म्हणजे कधी ते तुम्हाला माहीत आहे. सिंटर्ड परत चढवायचे नव्हते. पोरगा म्हणाला, ‘हे न्या काका, सेमी-मेटॅलिक आहेत, पल्सरवाले हेच नेतात.’ सेमी-मेटॅलिक म्हणजे राळेच्या मसाल्यात धातू मिसळलेला. चारशेच्या आत मिळाले.

दुकानातच व्हर्नियर लावला. पोरगा बघत राहिला. पट्टीची लांबी कंपनीच्या पॅडएवढीच. घरी बसवले, रविवारीच, बोट फटीत ठेवून पोराला झुलवायला सांगितलं. जुन्या ब्रॅकेटचा खळगा आहे तिथंच आहे, त्यामुळे पॅड अगदी हलतच नाही असं नाही. पण आवाज येत नाही. गाडीवर बसून ऐकू येईल असा तर नाहीच.

धरण्यात हे दोघांच्या मध्ये, पण मधोमध नाही. कोरड्या रस्त्यावर सिंटर्डच्या जवळ, सकाळी पहिल्या सिग्नलला कंपनीच्या जवळ. पावसात पहिला क्षण अजून जाणवतो, मात्र तो अर्धा सेकंद राहिलेला नाही. किती उरलाय ते सांगता येणार नाही, पण पाण्यातून निघाल्यावर ब्रेक धरून चालवायची जुनी सवय माझी सुटली, आणि ती मी ठरवून सोडली नव्हती. ताम्हिणी याच पॅडवर पाच-सहा वेळा उतरलोय, सामान आणि माणसासकट. वास आला नाही. पण आता मी इंजिन ब्रेकही नीट वापरतो, त्यामुळे सगळं श्रेय पॅडला द्यायचं का म्हशीला, हा प्रश्न आहे.

खोड आहे एक. पावसाळी सकाळी, गाडी रात्रभर ओली राहिली असेल तर गेटपाशी हळू थांबताना कुईं करतात. दोन-तीन ब्रेकनंतर गप्प. पॅडची पुढची धार पॉलिश पेपरवर थोडी तिरकी घासली, बरंच कमी झालं. काळी धूळही जास्त पडते, अलॉय व्हील आठवड्यात काळवंडतं. ज्याला गाडी चकचकीत लागते त्यानं या मुद्द्याला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यावं. धूळ तोंडानं फुंकू नका आणि हवा मारू नका, पाण्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं धुवा. जुन्या मसाल्यांत ॲस्बेस्टॉससारखं काय काय असायचं ते आठवलं तर एवढी काळजी घ्यावी. कुईंचं एक बरं आहे. त्याची वेळ आणि जागा ठरलेली आहे. ते दुसऱ्या कुठल्या आवाजासारखं वाजत नाही.

११ हजार झालेत आणि अजून दीड-दोन हजार निघतील असं जाडी बघून वाटतं.

बसवताना दोनच गोष्टी सांगतो, त्या मी चुकून शिकलोय म्हणून. पिस्टन मागे ढकलण्याआधी वरच्या टाकीचं झाकण उघडून ऑइल थोडं काढून घ्या आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. नवा जाड पॅड बसायला पिस्टन आत गेला की ऑइल वर येऊन उतू जातं आणि पल्सरच्या काळ्या रंगाला पाच मिनिटांत फोड आणतं. माझ्या टाकीवर रुपयाएवढा डाग आहे, त्यावर मी स्टिकर लावलाय. आणि बसवून झालं की गाडी हलवण्याआधी लिव्हर दहा-बारा वेळा पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला लिव्हर थेट हँडलला टेकते. मी हात पुसत पुसत स्टार्ट मारली, उतारावरून गेटपर्यंत आलो, ब्रेक दाबला आणि ब्रेक नव्हताच. पाय टेकवून, चप्पल घासत थांबलो. वॉचमननं सलाम केला, त्याला वाटलं मी त्याच्याशी बोलायला थांबलोय.

शिवाय नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत वेग आणायचा, पूर्ण न थांबता, असं वीसेक वेळा, मध्ये थंड होऊ द्यायचं. नव्या पॅडवर दुसऱ्याच दिवशी घाट उतरायला जाऊ नका.

तर कुणी काय घ्यावं? गाडी फक्त शहरात, पावसात फारशी बाहेर काढत नाही, डिस्क बदलायला झालेली नाही आणि कंपनीचे सहज मिळतायत, तर कंपनीचेच घ्या, मन शांत राहील. पावसात आणि घाटात रोजचं येणं-जाणं असेल, टायर ताजा असेल आणि कॅलिपर घट्ट असेल तर सिंटर्डला मी नाही म्हणणार नाही. फक्त विकत घेण्याआधी जुन्या पॅडवरच ती बोटाची परीक्षा करा. जुना पॅड बोटाखाली हलत असेल तर नवा आखूड पॅड त्याहून हलणार. आणि बाकी सगळ्यांनी, म्हणजे मला वाटतं बहुतेकांनी, व्हर्नियर खिशात घालून जावं आणि देशी बघावेत. तुमचं मत वेगळं असू शकतं, तुमची गाडीही वेगळी आहे. माझी पुढची जोडीही देशीच येणार, पाकीट आणून ठेवलंय.

ते सिंटर्ड बिस्किटाच्या डब्यात पडून होते. आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडे याच पिढीची वन-एटी आहे. पिस्टन गंजला म्हणून त्याला दीड वर्षापूर्वी अख्खा कॅलिपर ब्रॅकेटसकट नवा घ्यावा लागला होता. त्याला दिले. वरचा थर पॉलिश पेपरवर काढून त्यानं बसवले आणि या जूनमध्ये भेटला तर पावसातल्या ब्रेकचं कौतुक थांबवेना. मी त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक धरला आणि पार्किंगमध्येच गाडी मागे-पुढे झुलवली. कान खाली नेला. काही वाजलं नाही. तो म्हणाला, ‘काय बघताय?’ मी म्हणालो, ‘काही नाही, कोनसेट चांगला आहे तुझा.’